मागचं लेबल

जावयानं पुण्याहून निघताना फोन करून विचारलं होतं,
दिवाळीत घरी आणली तर चालेल ना?
आणि हिनं, अंड्याला आयुष्यभर वेगळा तवा ठेवणाऱ्या हिनं,
म्हटलं, द्राक्षाचंच असतं ना ते, मग चालतंय की.

म्हणून पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही दोघं विश्रामबागेत,
काचेच्या दाराच्या गार दुकानात.
नचिकेत बाटली उचलतो,
पुढचं बघतच नाही, फिरवून मागचं वाचतो.
नाशिकची परत ठेवली. बारामतीकडची ठेवली.
तिसरीवर थांबला आणि मोठ्यानं वाचू लागला,
शाळेत सुविचार वाचतात तसा:
येरळेकाठच्या काळ्या दगडाच्या उतारावर
आजोबांनी लावलेली पहिली वेल...

मी फ्रीजकडे बघत राहिलो.

आजोबांनी वेल लावली नव्हती.
आजोबा कुंडलला कंपाउंडर होते,
द्राक्षानं त्यांना खोकला व्हायचा.
वेल मी लावली,
गणपती पेठेच्या मागच्या बोळात, ऑफसेटच्या माळ्यावर,
मे महिन्यात, लाइट गेलेली असताना,
प्रुफाच्या कागदाच्या पाठीवर.

हिंदुराव पुदाले आले होते पलूसहून मोटारसायकलवर,
पिशवीत दोन बाटल्या, पेपरात गुंडाळलेल्या.
म्हणाले, मास्तर, मागं कायतरी लिवा. फ्रान्सचं असतंय तसलं.
मी म्हटलं, तुमची खरी गोष्ट काय?
खरी कशाला, म्हणाले, खरी आमच्यापाशी हायच की.

पण चहा आला आणि सांगत बसले.
पहिल्या साली सगळा माल आंबट झाला,
तीन हजार लिटर,
तासगावपासून विट्यापर्यंत लोणच्याला फुकट वाटला,
माणसं अजून रस्त्यात थांबवून विचारतात, यंदा हाय का?
दुसऱ्या साली बायकोनं टाकीशेजारी खाट टाकली.
अक्काताई. पंचेचाळीस रात्री.
टाकीला कान लावून पडायची,
आधणाचा आवाज ऐकावा तशी.
टाकी गप्प झाली की ह्यांना उठवायची.
जिभेला थेंब लावला नाही कधी,
वासावरनं सांगायची, अजून चार दिवस.

मी सगळं लिहिलं. तीनशे शब्द.
हिंदुरावांनी वाचलं, टोपीनं डोळे पुसले,
आणि म्हणाले, झ्याक. ह्यातलं काय नको.
शिवाय मागच्या लेबलवर साठच शब्द बसतात,
वैधानिक इशारा धरून.

म्हणून आजोबा.
म्हणून काळा दगड, तो समोरच्या पाटा-वरवंटेवाल्याचा.
आणि शेवटी लवंगेचा हलका गंध,
कारण त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती
आणि तोंडात लवंगेच्या तेलाचा बोळा होता.

दुकानदार म्हणाला, चांगली आहे, हिला गिऱ्हाईक आहे.
नचिकेत म्हणाला, ह्यांची स्टोरी आवडली मला.
साडेआठशे रुपये.

घरी उंच ग्लास नव्हते, फुलपात्रात ओतली.
हिनं चकलीचं ताट पुढं सरकवत विचारलं, कुणी केली म्हणायची ही?
मी म्हटलं, पलूसला अक्काताई म्हणून एक...
नाही हो बाबा, नचिकेत म्हणाला, आजोबांची आहे,
हे काय, इथं छापलंय.
आणि बाटली फिरवून माझ्याकडं केली.
स्वल्पविराम एक चुकला होता. तेव्हा दिसला नव्हता.

मग त्यानं फुलपात्र नाकाशी नेलं, डोळे मिटले.
लवंग येते ना?

मी घोट घेतला, जीभ मागं नेली.
ती दाढ काढून अकरा वर्षं झाली, तिथं आता नुसता खड्डा.
आणि काय सांगू,
खड्ड्यात लवंग होती.